नावाची पत, गाडीचा गुण

खानदेशात मोटारगाडीची चौकशी करणारा गृहस्थ, मग तो रावेरकडचा केळीचा बागाईतदार असो, जळगावच्या सराफ बाजारातील पेढीवाला असो, किंवा धुळ्याच्या स्टँडवर भाड्याच्या गाड्या लावणारा व्यावसायिक असो, किंमत, ॲव्हरेज आणि कर्जाचा हप्ता या तीन गोष्टींचा यथेच्छ खल करून झाल्यावर एक प्रश्न हटकून विचारतो, आणि तो म्हणजे तीन लाख किलोमीटर झाल्यानंतर या गाडीचे काय होते. या प्रश्नाच्या उत्तरादाखल गेली पंचवीस वर्षे आपल्या मुलखात जे नाव निःशंकपणे उच्चारले जाते ते टोयोटाचे होय. जाहिरातीवर विश्वास न ठेवणारा, विक्रेत्याच्या गोड बोलण्याला न भुलणारा आणि फिटरला सोबत घेतल्याविना जुन्या गाडीचा सौदा न करणारा हा चिकित्सक समाज एका परदेशी कंपनीच्या बाबतीत इतका श्रद्धाळू कसा झाला, आणि ती श्रद्धा आज कितपत रास्त आहे, याची एकदा रुजवात घेणे अगत्याचे झाले आहे.

अगत्याचे अशासाठी की, ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांच्यात छत्रपती संभाजीनगर येथे मोटारींचा कारखाना उभारण्याविषयी सामंजस्य करार झाला असून, सुमारे २०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक त्यात अपेक्षिलेली आहे. अजिंठ्याचा घाट उतरला की जळगाव जिल्हा आणि कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, इतक्या निकटच्या अंतरावर येऊ घातलेल्या या उद्योगाशी आमचा संबंध यापुढे केवळ ग्राहकाचा राहणार नाही. ज्याच्या दारात आपली मुले उद्या उमेदवारी करण्यासाठी उभी राहतील, त्याचा लौकिक ऐकीव गोष्टींवर सोडणे बरे नव्हे. माझे मत प्रारंभीच नमूद करतो. टोयोटाचा खानदेशातील लौकिक खरा आहे आणि घाम गाळून मिळविलेला आहे. परंतु तो काही विशिष्ट गाड्यांनी मिळविला, आणि त्या गाड्यांची पुण्याई त्याच नावाखाली येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या खाती आपोआप जमा करण्याचे ग्राहकाला मुळीच कारण नाही.

जपान आणि खानदेश यांच्यातील व्यवहार मोटारीने सुरू झाला नाही. तो कापसाने सुरू झाला. जपानी गिरण्यांना आखूड धाग्याचा हिंदी कापूस मोठ्या प्रमाणावर लागत असे. त्या व्यापारासाठी जमशेटजी टाटांच्या साहाय्याने निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीने १८९३ साली मुंबई आणि कोबे यांच्या दरम्यान जहाजे सुरू केली, आणि खानदेश-वऱ्हाडचा जो कापूस मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ या वर्गात मोडे, तो या मार्गाने पूर्वेकडे जाऊ लागला. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढविली, तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. आणि तो तंटा अखेर १९३४ च्या करारान्वये असा मिटला की, जपानने वर्षाला १० लाख गासड्या कापूस उचलावा आणि त्याच्या मोबदल्यात ३२.५ कोटी वार कापड हिंदुस्थानात विकावे. आमच्या काळ्या जमिनीतील बोंडांचा भाव त्या काळात दूरदेशीच्या मागांवर अवलंबून होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्या मागांच्या कर्त्यांपैकी एक म्हणजे साकिची टोयोडा. १८६७ साली शिझुओका प्रांतातील एका खेड्यात सुताराच्या घरी जन्मलेल्या या पुरुषाने हातमागापासून आरंभ करून उभे आयुष्य मागाच्या सुधारणेत वेचले, आणि १९२४ साली असा स्वयंचलित माग सिद्ध केला की, धागा तुटताच तो आपला आपण थांबे. मागावर डोळे लावून बसण्याचे माणसाचे काम त्यामुळे संपले आणि एकच कामगार अनेक मागांची देखरेख करू लागला; पण याहून मोठा लाभ असा झाला की, सदोष कापड विणलेच जाईनासे झाले. मुंबईच्या गिरण्यांना ज्यांची यंत्रे येत, त्या लँकेशायरमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने १९२९ साली या मागाचे हक्क १ लाख पौंड देऊन घेतले, ही त्या काळच्या यंत्रविद्येच्या जगात लहान घटना नव्हती. साकिची १९३० साली निवर्तले. त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ साली माग बनविणाऱ्या वडिलांच्या कंपनीत मोटारींचा विभाग काढला आणि १९३७ साली त्यातून टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी जन्मास आली. योगायोग असा की, मारुतीच्या रूपाने भारताच्या मध्यमवर्गाला १९८३ साली मोटारीत बसविणारी सुझुकी हीदेखील मूळची मागवालीच. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली त्याच प्रांतातील हामामात्सु येथे मागांचाच कारखाना काढला होता.

जळगावच्या खानदेश मिलपासून अमळनेर आणि धुळे येथील प्रताप मिलपर्यंत ज्या भागाने गिरणीचा भोंगा ऐकून दिवस मोजले, त्या भागाला या इतिहासातील मर्म विशेष समजावे. धागा तुटला तर थांबायचे, तुटलेला धागा जोडल्यावाचून पुढे जायचे नाही, हे मागाचे तत्त्व पुढे मोटारीच्या कारखान्यात आले; आणि जोडणीच्या रांगेवरील साध्या कामगारालाही दोष आढळताच दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार मिळाला. टोयोटाच्या ज्या उत्पादनपद्धतीचे जगभर पाठ घेतले जातात, तिचे दोन आधारस्तंभ सांगितले जातात, पैकी एक हा. दोष मुळीच होणार नाही अशी प्रौढी या तत्त्वात नाही. झालेला दोष पुढच्या हाती जाऊ द्यायचा नाही, एवढाच त्याचा निग्रह आहे.

तथापि तत्त्व उत्तम असले म्हणून बाजार जिंकता येतो असे नाही, हे याच कंपनीने भारतात प्रथम अनुभवले. १९८० च्या दशकात डीसीएम उद्योगसमूहाशी भागीदारी करून तिने ‘डायना’ नावाचे हलके मालवाहू वाहन येथे आणले. त्याच सुमारास निसान, माझदा, मित्सुबिशी याही जपानी नावांचे ट्रक आले. परंतु १९८६ साली टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून ४०७ बाहेर पडली आणि आपल्या रस्त्यांना, आपल्या ओझ्याला आणि आपल्या फिटरच्या पान्याला साजेशी ठरून तिने या मातब्बर पाहुण्यांना पुरते झाकोळून टाकले. डीसीएमची ती भागीदारी पुढे मोडली. टोयोटा हे नाव त्याही वेळी जगद्विख्यात होते. पण येथल्या मालकाने नाव पाहिले नाही, गाडी पाहिली. ही गोष्ट आज विसरता कामा नये.

दुसरा प्रवेश झाला तो किर्लोस्करांच्या हाताला धरून. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी यांची महती मराठी शेतकऱ्याला नव्याने सांगावयास नको; त्याच घराण्यातील विक्रम किर्लोस्कर यांनी १९९५ साली टोयोडांशी पहिला संबंध जोडला तो, पुन्हा एकवार, सूतगिरणीच्या यंत्रांसाठी. त्या ओळखीतून १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर उभी राहिली, बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना झाला आणि जानेवारी २००० मध्ये क्वालिस ही गाडी बाजारात आली.

क्वालिसला सुंदर कोणी म्हटले नाही. इंडोनेशियात चालणाऱ्या किजांग या गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली, पेटीसारखी चौकोनी, आणि त्या काळच्या मोटार-समीक्षकांना तर कालबाह्यच भासलेली अशी ही गाडी होती. २.४ लिटरचे, टर्बो नसलेले, अवघ्या ७५ अश्वशक्तीचे तिचे डिझेल इंजिन कागदावर कोणाची छाती दडपणारे नव्हते. परंतु सुमो, ट्रॅक्स आणि कमांडर यांच्या धक्क्यांना सरावलेल्या प्रवाशाला तिच्यात बसल्यावर पाठीचा विसर पडला, आणि मालकाला वर्षाअखेरीस जमाखर्च मांडताना गॅरेजच्या रकान्यात अनपेक्षित शिल्लक दिसू लागली. लौकिक जन्मतो तो या रकान्यात.

खानदेशचे रस्ते आणि हवामान यांनी या परीक्षेला विशेष धार आणली. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी करीत जळगावहून धुळ्यास पोहोचणारा तो जुना सहा क्रमांकाचा महामार्ग, ज्याचे फागणे ते तरसोद या टप्प्यातील चौपदरीकरण कित्येक वर्षे रखडले, तो वाहनाच्या सांध्यान्‌सांध्याची झडती घेत असे. आणि लगीनसराईत वऱ्हाड, चैत्रात वणीच्या गडाची यात्रा, एरवी शेगाव, शिर्डी, सेंधव्याचा घाट चढून ओंकारेश्वर-उज्जैन, शिवाय रात्री-अपरात्री मुंबई-पुण्याच्या इस्पितळात न्यावयाचा रुग्ण, असे भाड्याच्या गाडीचे वेळापत्रक तिला विसावा म्हणून देत नाही. अशा कामात गाडी वाटेत बंद पडली तर मालकाचे त्या दिवसाचे भाडे बुडते, इतकेच नव्हे तर वऱ्हाडी मंडळी पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातात. म्हणून ‘सेल्फ मारला की चालू’ आणि ‘अजून इंजिन खोललं नाही’ ही दोन प्रशस्तिपत्रे येथे कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोलाची ठरली. एखादा वयस्क चालक आपल्या जुन्या क्वालिसकडे बोट दाखवून अहिराणीत ‘गाडी जुनी शे, पन इमानदार शे’ असे म्हणतो, तेव्हा तो विशेषण यंत्राला लावीत असला तरी साक्ष स्वतःच्या संसाराची देत असतो.

क्वालिसचा खप उत्तम चालू असतानाच कंपनीने ती बंद केली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये इनोव्हा आणली, तेव्हा अनेकांना तो निर्णय अविचाराचा वाटला. नवी गाडी महाग होती. तिच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले होते, आणि पान्यावर हात बसलेल्या फिटरला ते नवखे होते. पण मजबूत चौकट, मागील चाकांना जाणारी शक्ती आणि १०२ अश्वशक्तीचे न कुरकुरणारे डिझेल इंजिन यांच्या बळावर तिनेही तीन लाखांची वेस ओलांडली, आणि जुन्या गाडीला येणारा भाव हाच तिचा खरा विमा ठरला. नोझल, क्लच, सस्पेन्शनचे बुश यांचे खर्च तिलाही आलेच, आणि कंपनीच्या वर्कशॉपचे बिल पाहून कपाळावर आठी पडली नाही असा मालक विरळा; तरी एकंदर ताळेबंद तिच्या बाजूने राहिला. २०१६ साली आलेल्या क्रिस्टाने तोच वारसा अधिक किमतीत पुढे चालविला.

येथपर्यंतची कीर्ती हिशेबातून आली. त्यानंतरची मात्र बरीचशी रुबाबातून आली आहे. २००९ साली आलेली फॉर्च्युनर ही गाडी यंत्र म्हणून दणकट आहे यात वाद नाही. परंतु आमच्या तालुक्या-तालुक्यांत पांढऱ्या फॉर्च्युनरला जे स्थान प्राप्त झाले आहे ते तिच्या इंजिनामुळे नव्हे. पंचायत समितीपासून बाजार समितीपर्यंतच्या राजकारणात ती गाडी म्हणजे अधिकाराची सनद होऊन बसली आहे, आणि ज्याची जमीन कोरडवाहू व उत्पन्न बेभरवशाचे, असा तरुण कार्यकर्ताही कर्ज काढून त्या सनदेच्या मागे लागलेला दिसतो. टिकाऊपणासाठी दिलेला जादा पैसा परत येतो. रुबाबासाठी दिलेला येत नाही. एकाच नावाखाली हे दोन व्यवहार होत असल्याने त्यांतील भेद पुसट होतो.

याहून सूक्ष्म प्रश्न आहे तो उसन्या गाड्यांचा. टोयोटा आणि सुझुकी यांच्यात २०१७ सालापासून सहकार्य सुरू झाले आणि जून २०१९ मध्ये मारुतीची बलेनो ही गाडी ग्लांझा या नावाने टोयोटाच्या दालनात आली. पाठोपाठ ब्रेझाची अर्बन क्रूझर झाली, अर्टिगाची रुमियन झाली, फ्रॉंक्सची टायसर झाली. यात बेकायदा काही नाही आणि लपविलेलेही काही नाही. ग्लांझासाठी टोयोटाने प्रारंभी ३ वर्षांची वा १ लाख किलोमीटरची हमी दिली, जी त्या वेळी मारुतीच्या हमीहून मोठी होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण गाडी तीच. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगच्या नियंत्रकातील संशयित दोषापायी मारुतीने आपल्या काही गाड्या परत बोलाविल्या, तेव्हा टोयोटालाही ग्लांझा आणि हायरायडर या गाड्या बोलावाव्या लागल्या. मारुतीच्या गाड्या वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही; खानदेशातील हजारो घरांना त्यांनी इमानाने वाहिले आहे. म्हणणे एवढेच की, ज्याला क्वालिसचा अनुभव आठवून ग्लांझा घ्यावीशी वाटते, त्याने आपण क्वालिसच्या कर्त्याकडून हमी आणि वर्कशॉपची सेवा विकत घेत आहोत, त्याच्या हातचे यंत्र नव्हे, हे ध्यानी ठेवून किंमत मोजावी.

हा विवेक खानदेशाला परका नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा गासडीत हलका कापूस, सरकी आणि माती मिसळण्याचे प्रकार इतके बोकाळले की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करून निरीक्षक नेमावे लागले. गासडीवरचा छाप एक आणि आतला माल दुसरा, या अनुभवाने पोळलेला आमचा व्यापारी तेव्हापासून गासडी फोडून, चिमूटभर रुई बोटांत ताणून, धागा पाहून मगच भाव बोलतो. मोटारीच्या बाबतीत तीच सवय का सोडावी?

आणि सर्वांत गंभीर गोष्ट आता सांगावयाची. जानेवारी २०२४ मध्ये असे उघडकीस आले की, टोयोटाची डिझेल इंजिने बनविणाऱ्या कंपनीने शक्तिमापनाच्या प्रमाणपत्र-चाचणीत नेहमीच्या उत्पादनातील संगणकप्रणालीऐवजी वेगळी प्रणाली वापरून आकडे अधिक सुबक दिसतील अशी व्यवस्था केली होती. भारतात क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची रवानगी त्यामुळे काही काळ थांबविण्यात आली आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. या गाड्या वापरणे थांबविण्याचे कारण नाही असे कंपनीने सांगितले, आणि मालकांच्या अनुभवातही फरक पडलेला नाही. परंतु ती इंजिन बनविणारी कंपनी कोणती? १९२६ साली साकिची टोयोडांनी मागांसाठी स्थापन केलेली, तीच. धागा तुटला की थांबणाऱ्या मागाच्या घरात धागा तुटलेला असताना माग चालू ठेवला गेला, आणि तो काही एकच प्रसंग नव्हता. टोयोटाच्याच परिवारातील हिनो कंपनीची प्रदूषण-चाचण्यांतील बनवाबनवी २०२२ साली आणि दायहात्सुची सुरक्षा-चाचण्यांतील २०२३ साली बाहेर आली होती. त्याआधी, २०१० साली, आपोआप वेग घेणाऱ्या गाड्यांच्या तक्रारींवरून टोयोटाचे तत्कालीन अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहून कबुली द्यावी लागली होती की, कंपनीची वाढ तिच्या माणसांच्या तयारीपेक्षा अधिक वेगाने झाली. आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ साली १२० कोटी डॉलर मोजून ते प्रकरण मिटवावे लागले.

कोणी म्हणेल, जगात दोषरहित कंपनी कोणती? कोणतीच नाही, आणि ती तशी असावी ही अपेक्षाही नाही. कंपनीच्या चुका जपानी चौकशी समित्यांनी चव्हाट्यावर मांडल्या आणि तिने रवानगी थांबविली, हेही त्या जुन्या तत्त्वाचे उशिरा झालेले पालनच मानता येईल. परंतु लौकिकाचा एक धोका असा असतो की, तो मालकांना बोलू देत नाही. दोन-चार लाखांचा जादा भाव मोजून घेतलेल्या गाडीत खोट निघाली तर ती सांगण्यात स्वतःच्याच शहाणपणाची नाचक्की वाटते. मग तक्रार दबते, कंपनीच्या दफ्तरी सर्व आलबेल दिसते, आणि पुढच्या ग्राहकाच्या हाती तीच खोट जाते. खानदेशी मालकाने क्वालिसची स्तुती जितक्या मोकळेपणाने केली, तितक्याच मोकळेपणाने त्याने आपल्या नव्या गाडीचे दोष लेखी नोंदविले पाहिजेत, वर्कशॉपच्या जॉबकार्डावर उतरवून घेतले पाहिजेत आणि त्याची प्रत जपली पाहिजे. जोडणीच्या रांगेवरील कामगाराच्या हातात जी दोरी असते, तिचे दुसरे टोक मालकाच्याच हातात आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीन येथे येऊ घातलेल्या कारखान्याविषयीही आमची भूमिका हीच असावी. शासनाने जाहिरात करावी आणि आपण टाळ्या वाजवाव्यात एवढ्याने भागणार नाही. बिडदी येथे कंपनीने २००७ साली ग्रामीण मुलांसाठी तांत्रिक प्रशिक्षण संस्था सुरू केली. तशी संस्था मराठवाड्यात निघणार असेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना तीत जागा मिळावी, असा आग्रह आमच्या लोकप्रतिनिधींनी आजच धरला पाहिजे, कारण कारखाना उभा राहिल्यावर केलेला आग्रह अर्जाच्या ढिगात जमा होतो. त्याच बिडदीत २०१४ साली आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात टाळेबंदीपर्यंत गेलेले वाद झाले, हेही करारावर सह्या करणाऱ्यांनी विसरू नये; ज्या कंपनीने कामगाराला माग थांबविण्याचा अधिकार दिला, तिच्या दारात कामगाराचे म्हणणे ऐकले जावे ही मागणी अवाजवी नाही.

टोयोटाने खानदेशात पत मिळविली ती नावामुळे नाही, हे डायनाच्या अपयशाने आणि क्वालिसच्या यशाने दोन बाजूंनी सिद्ध झाले आहे. ज्या ग्राहकाने १९८० च्या दशकात विख्यात नावाला नकार दिला आणि २००० साली कुरूप गाडीला होकार दिला, तो ग्राहक शहाणा होता. त्याच्या मुलांनी दालनात शिरताना पुढचा बिल्ला पाहण्याआधी बॉनेट उघडायला सांगावे, यंत्र कोणी बनविले ते विचारावे, हमीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि मग हवी तर टोयोटाच घ्यावी.